गच्चीवरची पेटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. दोन-चार ठिकाणी वाक्यं सरळ केली, एवढंच.)

अध्यक्ष महोदय, सचिव, खजिनदार, चारही विंगमधल्या बंधुभगिनींनो, आणि मागे बटाटेवड्याच्या टेबलाला खेटून उभ्या असलेल्या पोरांनो,

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीची पंचवीस वर्षे : आर्थिक आढावा’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. बँकेतला माणूस म्हटला की लोक त्याच्याकडून आकडेच मागतात. पण आपल्या खजिनदारांनी तो आढावा आत्ता आठ मिनिटांत उरकला, आणि चांगला उरकला. तेव्हा मी समितीची परवानगी काढून विषय बदललाय. अ विंगच्या गच्चीच्या जिन्याखाली एक हिरवी पत्र्याची पेटी आहे. तिच्याबद्दल बोलतो.

नवीन बिऱ्हाडं बरीच आलीत, त्यांच्या माहितीसाठी सांगतो. या पेटीत आज अकरा चक्र्या, दोन आसाऱ्या, कात्री, डिंकाची बाटली, चिकटपट्टी, बोटांना गुंडाळायच्या कापडी पट्ट्या, सहा गॉगल आणि एक रजिस्टर आहे. संक्रांतीच्या आठवड्यात ज्याला पतंग उडवायचाय त्याने यायचं, रजिस्टरात सही करून वस्तू न्यायची, संध्याकाळी परत आणायची. वर्गणी नाही, डिपॉझिट नाही, व्याज नाही. छत्तीस वर्षं कर्जं दिली, पण इतक्या सैल अटींवर एकही दिलं नाही. आणि गंमत म्हणजे थकबाकीचं प्रमाण इथलंच कमी आहे. (निळ्या चक्रीबद्दल शेवटी बोलतो.)

मी मूळचा येवल्याचा. येवलं म्हटलं की लोकांना पैठणी आठवते, इतिहास वाचलेल्यांना तात्या टोपे आठवतात. आम्हाला विचाराल तर तिसरी गोष्ट पतंग. भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. हलगी वाजत असते, आणि कोणाच्या घरात कोण जेवतंय याचा हिशेब नसतो. आमच्याकडे चक्रीपेक्षा आसारी चालते. बांबूच्या कामट्यांची, मधे दांडा असलेली, हातातल्या हातात झरझर फिरणारी. माझ्या वडिलांची एक आसारी होती, ती मी १९९९ मध्ये नाशिकला बदली होऊन या सोसायटीत राहायला आलो तेव्हा सोबत आणली. सामान उतरवताना हमाल म्हणाला, “साहेब, हे चुलीत घालायचं का?” तीच आज पेटीत आहे.

पेटीची सुरुवात २००३ च्या संक्रांतीला झाली, आणि ती काही थोर विचारातून झाली नाही. गच्चीवर एका कुटुंबाकडे तीन चक्र्या होत्या आणि पतंग संपले होते. दुसऱ्या कुटुंबाकडे वीस पतंग होते आणि दोरा गुंतून त्याचा काकडा झाला होता. दोन्ही कुटुंबं चार हातांवर उभी होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती, कारण दिवाळीत पार्किंगवरून वाजलं होतं. मी मधे पडलो. एक चक्री इकडून तिकडे, पाच पतंग तिकडून इकडे. नंतर वाटलं, हे दर वर्षी तोंडी करण्यापेक्षा लिहून करावं. बँकेची सवय. घरातली जुनी पेटी रंगवली, जुन्या डायरीत रकाने आखले : तारीख, फ्लॅट, वस्तू, नेली, परत.

त्या रजिस्टरातली पहिली सही मात्र कुठल्याच फ्लॅटची नाही. आपल्या वॉचमनचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो काटलेले पतंग धरायला बाभळीची फांदी घेऊन कंपाउंडवर उभा असायचा. त्याला वर बोलावलं, आसारी हातात दिली, आणि पाच मिनिटांत मला कळलं की या गच्चीवर माझ्यापेक्षा चांगला हात आलेला आहे.

यावरून वार्षिक सर्वसाधारण सभेत गाजलं. सोसायटीची गच्ची सभासदांची, बाहेरच्यांना का, असा मुद्दा निघाला. क विंगमधले वकीलसाहेब तेव्हा हयात होते. त्यांनी उभं राहून गंभीर चेहऱ्याने सांगितलं की १९३४ च्या भारतीय विमान कायद्यात ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत पतंगही येतो, तेव्हा हा विषय सोसायटीच्या अखत्यारीतला नसून केंद्र सरकारचा आहे. व्याख्या खरी होती बरं का, मी नंतर कायदा उघडून बघितली. सभा हसली आणि वाद निवळला. तोडगा असा निघाला की सभासद नसलेल्याने वस्तू नेली तर एका सभासदाने जामीन राहायचं. रजिस्टरात ‘जामीनदार’ हा रकाना वाढला. त्या मुलाच्या नावासमोर दर वर्षी माझी सही आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वस्तू वाटणं सोपं असतं. पेटीभोवती खरी वाटणी होते ती सल्ल्याची, आणि तिथे माणसाचा कस लागतो.

ब विंगमध्ये एक नागपूरकर काका आहेत. आपण ज्याला साधा दोरा म्हणतो त्याला ते सद्दी म्हणतात, आणि पतंग काटला की ‘ओ काट’ असं ओरडतात. आमचे नाशिककर ‘गई बोला रे धिन्ना’ करतात. क विंगमधलं अहमदाबादहून आलेलं कुटुंब ‘कायपो छे’. एकाच गच्चीवर एकच पतंग तीन भाषांत कटतो. भांडण मात्र आरोळीवरून नसतं, ढील की खेच यावरून असतं. नागपूरकर काकांचं म्हणणं, ढील देत राहायची, दोरा पळता ठेवायचा. गुजराती आजोबा म्हणायचे, ढील बायकापोरांनी द्यावी, मर्दाने खेचावं. (त्यांच्या सौभाग्यवतींनी त्याच दुपारी ढील देऊन त्यांचाच पतंग काटला, तो भाग आजोबा सांगत नसत.) दोघांचंही अर्धं बरोबर. मुद्दा एवढाच आहे की पळता दोरा थांबलेल्या दोऱ्याला कापतो. पळवा कुठल्याही बाजूला, थांबू नका.

पण हे शिकायच्या आधी पतंग वर जायला हवा. तुमच्यापैकी निम्म्या पालकांचा पतंग कठड्याच्या वर दहा फूट जातो, दोन गिरक्या घेतो आणि पाण्याच्या टाकीवर आपटतो. मग तुम्ही पतंगवाल्याला शिव्या देता. त्याचा दोष नसतो. वारा इमारतीवर आदळून वर उसळतो, आणि टाकीच्या आणि जिन्याच्या खोलीच्या मागे नुसता घुसळत असतो. तिथे कोणाचाच पतंग ठरत नाही. टाकीपासून लांब, मोकळ्या कोपऱ्यात उभं राहायचं, पाठ वाऱ्याकडे, आणि पहिले तीस-चाळीस फूट छोट्या छोट्या हिसक्यांनी पटकन पार करायचे. त्याच्या वर वारा सरळ असतो. सकाळी आठला पोराला उठवून गच्चीवर नेऊ नका. जानेवारीत ऊन तापल्याशिवाय वारा हलत नाही.

कन्नी बांधताना वरचा दोरा खालच्यापेक्षा बोटभर आखूड ठेवायचा. वारा फार असेल तर आणखी जरासा आखूड, म्हणजे पतंग हाताला कमी ओढतो. पतंग सारखा डावीकडे कलत असेल तर उजव्या टोकाला दोऱ्याचा लहानसा गुंडा बांधा. कमान दोन्ही बाजूंना सारखी वाकते का ते विकत घेतानाच बघा. डोक्यावर टेकवून वाकवून बघायची पद्धत आहे, दुकानदार रागावतो, रागावू द्या.

आणि एक गोष्ट, जी मला वर्षानुवर्षं हाताला माहीत होती पण तोंडाने सांगता येत नव्हती, ती वॉचमनच्या त्या मुलाने एकदा लहान पोरांना सांगितली. तो म्हणाला, “ओढलं की कमान मागे वाकते, मग पतंग नाकासमोर जातो. सोडलं की सपाट होतो, मग गरगर फिरतो. फिरू द्यायचा, नाक पाहिजे तिकडे आलं की ओढायचं.” बस्स. सगळी पतंगबाजी या तीन वाक्यांत आहे. मी शेजारी आसारी धरून उभा होतो. मनात म्हटलं, हा बारा वर्षांचा आणि आपण शाखाधिकारी.

आतापर्यंत तुम्ही हसलात. पुढचं हसण्यासारखं नाही, आणि ते सांगण्यासाठीच मी विषय बदलून घेतला. ज्यांच्याबद्दल सांगतोय त्या दोघांचीही परवानगी घेतली आहे.

१३ जानेवारी २०१८, भोगीची संध्याकाळ. पाच नंबरची चक्री परत आली. नेली तेव्हा तिच्यावर सुती दोरा होता. तो संपला म्हणून नेणाऱ्याने नवा भरून दिला होता. सज्जनपणाच. कोणी, ते मी सांगणार नाही, आणि त्याचा त्यात दोषही नाही, दुकानात मागितलं ते मिळालं. मी दोरा बोटांत धरला. चमकत होता. ताणला तर रबरासारखा लांबला, तुटेना. मला त्या क्षणी कळलं की हा नायलॉन आहे. आदल्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली होती. ती बातमी मी कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली होती. म्हणजे झाकण उघडून, ते कात्रण समोर असताना, मी ती चक्री आत ठेवली.

का ठेवली? दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. चक्र्या कमी होत्या, मागणारे जास्त. मनात म्हटलं, एक दिवसाने काय होतंय, परवा काढून टाकू. बँकेत असं एखादं व्हाउचर आपण ‘उद्या बघू’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतो ना, तसं.

सकाळी नववीतला एक मुलगा आला, त्याला पाच नंबर दिली. देताना म्हणालो, “जपून रे, हात कापेल.” हे वाक्य मला आजही ऐकू येतं. सुती दोऱ्याची चक्री देताना मी असं कधी कोणाला म्हटलं नव्हतं.

चार वाजता त्याचा पतंग कटला. दोरा लांबवर वाहत गेला आणि मागच्या रस्त्यावर, दोन झाडांच्या मधे, छातीच्या उंचीवर आडवा झाला. आपल्या ड विंगमधल्या ताई ड्युटीवरून स्कूटरने येत होत्या. हनुवटीखाली सात टाके आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना वेगळे. डॉक्टर म्हणाले, गळ्याला स्टोल गुंडाळलेला होता म्हणून निभावलं. तो स्टोल मी पाहिलाय. ब्लेडने कापावा तसा कापला गेला होता.

त्या रात्री कमिटीची तातडीची बैठक झाली. आणि जे होतं तेच झालं. कोणीतरी म्हणालं, बाहेरची पोरं. कोणीतरी म्हणालं, वॉचमनचा मुलगा आणि त्याचे मित्र सकाळपासून वर होते. तो आता चोवीस वर्षांचा होता, वायरिंगची कामं करायचा, फक्त संक्रांतीला यायचा. वॉचमन दाराशी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, त्याने सकाळपासून आसारीच वापरली. तुमचीच.” त्या आसारीवर सुती दोरा होता. मी स्वतः आदल्या रविवारी गुंडाळला होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण रजिस्टर माझ्याकडे, आणि जामीनदाराच्या रकान्यात सही माझी.

मी म्हणालो, “बघू.”

एवढंच म्हणालो. ठराव झाला की सभासद व त्यांचे कुटुंबीय सोडून कोणालाही गच्चीवर प्रवेश नाही. मी हात वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही, चष्मा पुसत बसलो. रजिस्टरात त्या दिवशीची पाच नंबरची नोंद मी केलीच नव्हती. गर्दीत राहून गेली, असं मी स्वतःला सांगितलं. पंधरा वर्षांच्या रजिस्टरात गाळलेली ती एकच नोंद आहे.

चक्री मी रात्री खाली नेली, दोरा कापून कापून दोन पिशव्यांत भरला. हे मुद्दाम सांगतो : नायलॉन फेकायचा असेल तर असाच बारीक तुकडे करून फेका. सुती दोरा झाडावर अडकला तर पावसाळ्यात कुजून जातो, हा वर्षानुवर्षं तसाच लटकतो आणि वटवाघळं, बगळे, घारी त्यात अडकत राहतात. पेटीला कुलूप लावलं. २०१९ ची संक्रांत गेली, २०२० ची गेली. कोणी विचारलं तर म्हणायचो, ताईंच्या अपघातानंतर मन होत नाही. लोकांना माझं कौतुक वाटायचं. हे सगळ्यात वाईट.

मग आला लॉकडाउन. तुम्हाला आठवत असेल, मे २०२० मध्ये गच्ची एवढीच मोकळी जागा उरली होती. शाळा नाही, मैदान नाही. वैशाखातला वारा भन्नाट. पोरं माझ्या दाराशी, मास्क लावून, चार हातांवरून ओरडायची, “आजोबा, पेटी!” दुकानं बंद, पतंग मिळत नव्हते, तर त्यांनी वर्तमानपत्राचे केले. खराट्याच्या काड्या, आणि भाताची खळ. वर्तमानपत्राचा कागद जड, त्यामुळे शेपटीला चिंधी लावावी लागते, पण मे महिन्यातल्या वाऱ्याला तेही चालतं. पतंग तयार होते आणि दोरा माझ्या कुलपात.

कुलूप उघडायचं तर आधी बोलायला हवं होतं. एका संध्याकाळी ताई गच्चीवर शतपावली करत होत्या. मी टाकीच्या या बाजूला, त्या त्या बाजूला. सांगितलं सगळं. पाच नंबर, चमक, कात्रण, “हात कापेल”, “बघू”.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मास्कवरून चेहरा कळत नव्हता. मग म्हणाल्या, “काका, मला सांगून काय उपयोग? माझे टाके निघाले. ज्याला गेटवरून परत पाठवलं त्याला सांगा.” दोन पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, “आणि पेटी उघडा. पण किल्ली माझ्याकडे राहील.”

तेव्हापासून किल्ली त्यांच्याकडे आहे. त्यांना पतंगाची आवड होती असं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मेणबत्ती मागवली आणि प्रत्येक चक्रीच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा कापून जाळून बघितला. सुती दोरा भुरकन जळतो, कागद जळाल्यासारखा वास येतो, मऊ राख पडते. नायलॉन आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. मणी गरम असतो, हात लावू नका. एका चक्रीच्या पोटात, सुती दोऱ्याच्या खाली, आणखी नायलॉन निघाला. म्हणजे तो कधीचा तिथे होता देव जाणे. आता चक्री परत आली की वरचा आणि आतला, दोन्ही तुकडे जाळून मगच रजिस्टरात ‘परत’ लिहिलं जातं. चिमटीत दोरा धरून खरखर लागते का तेही बघतात, कारण काच लावलेला मांजाही त्यांनी बंद केला. फक्त साधा दोरा.

यावर मी भांडलो. खोटं कशाला बोलू. येवल्याचा माणूस, काच न लावलेल्या दोऱ्याने काटाकाटी कसली? नागपूरकर काका माझ्या बाजूने. दोन संक्रांती आम्ही तोंड पाडून बसलो. मग कळलं की साध्या दोऱ्यानेही पतंग कटतो, वेळ लागतो, घासत राहावं लागतं, आणि त्यात हाताचं काम जास्त आहे. गेल्या वर्षी नागपूरकर काकांचा आणि एका सातवीतल्या मुलीचा पेच अकरा मिनिटं चालला. खालून लोक वर बघायला आले. मुलगी जिंकली. काकांनी “वारा पडला” असं कारण दिलं, पण दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन कन्नी कशी बांधतेस ते विचारून आले, हे मी पाहिलंय.

ताईंचे बाकीचे नियम पेटीच्या झाकणावर लिहिलेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग नाही, कारण पाखरं तेव्हाच घरट्यातून निघतात आणि परततात. तारेत अडकलेला पतंग काढायचा नाही, काठीने नाही, लोखंडी सळईने तर नाहीच. लहान मुलासोबत मोठं माणूस, आणि मोठ्या माणसाने मोबाइल बघायचा नाही. करीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून गच्ची, कंपाउंड आणि मागचा रस्ता इथला तुटका दोरा गोळा करायचा. मागच्या जानेवारीत भाजीची एक अख्खी गोणी भरली.

आणि तो मुलगा. मी त्याच्याकडे गेलो, २०२० च्या पावसाळ्यात, जरा सैल झाल्यावर. त्याच्या घराच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहा दिला, “ठीक आहे काका,” म्हणाला. मला वाटलं झालं. पण तो २०२१ ला आला नाही, २०२२ ला आला नाही. मी निरोप धाडले, फोन केला, “बघतो” म्हणायचा. ‘बघू’ आणि ‘बघतो’ यातला फरक मला त्या दोन वर्षांत कळला.

२०२३ च्या संक्रांतीला, दुपारी दोनच्या सुमाराला, मी कोपऱ्यात पतंगाशी झटत होतो. पतंग एका बाजूला पडत होता. मागून कोणीतरी म्हणालं, “काका, कन्नी चुकलीय.” वळून बघतो तर हा, कडेवर चार वर्षांची मुलगी. त्याने माझ्या हातातून पतंग घेतला, दाताने गाठ सोडली, परत बांधली आणि आसारी मागितली. रजिस्टर समोर केलं तर म्हणाला, “सही कुठे?” मी जामीनदाराच्या रकान्यात माझी सही करत होतो, तर ताईंनी रजिस्टर ओढून घेतलं आणि स्वतःची केली.

मंडळी, दोन गोष्टी सांगून संपवतो, वडे गार होताहेत.

पहिली. जानेवारी २०१८ चा तो ठराव इतिवृत्ताच्या वहीत अजून तसाच आहे. कोणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी, पण तो रद्द झालेला नाही, आणि त्याच्या आधी जी चर्चा लिहिली आहे त्यात एका माणसाचं नाव आहे. सचिवांना मी आज लेखी अर्ज दिलेला आहे की येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव मागे घेण्याचा विषय यावा, आणि पाच नंबरची चक्री कोणी दिली हे माझ्या सहीने इतिवृत्तात नोंदलं जावं. रजिस्टरातली नोंद मी करून ठेवली आहे, ‘विलंबाने’ असा शेरा मारून.

दुसरी. येत्या भोगीला पेटी सकाळी नऊला उघडेल. सुती दोऱ्याची दहा रिळं आणि पाव तावाचे चाळीस पतंग लहान मुलांसाठी आणून ठेवलेत. ज्यांच्याकडे घरी जुन्या चक्र्या पडून असतील त्यांनी आणून द्याव्यात, दोरा असेल तसा आणा, ताई तपासतील, कोणी काही विचारणार नाही. आणि २०१९ मध्ये, पेटीला कुलूप असताना, माझ्याकडून घरी येऊन एक निळी चक्री कोणीतरी ‘फक्त पोराला दाखवायला’ म्हणून नेली आहे. तिची नोंद नाही, कारण रजिस्टर पेटीत होतं. ती घेणारी व्यक्ती आत्ता इथे बसलेली आहे आणि मघापासून खाली बघते आहे. दंड नाही. नुसती दाराशी ठेवून बेल वाजवून गेलात तरी चालेल.